उपाशीपोटी

पहाटे साडेपाचला मी स्कूटर काढते.
डिकीत बर्फाचा डबा, सुया, कापूस,
जांभळ्या नि लाल टोपणांच्या नळ्या,
आणि आठ पत्ते. पहिला रामबागेतला,
शेवटचा सुदामानगरचा.

सराफ्यात तेव्हा झाडू फिरत असतो.
रात्री दोनपर्यंत जिथे गराडू तळले
तिथे पाणी मारलेलं,
पण फरशीला तेलाचा वास आहे.
धुऊन जाणारा नाही तो.

दंडाला रबर बांधताना मी विचारते,
बारा तास झाले ना?
सगळे हो म्हणतात.
टोकेकरकाका तर छातीवर हात ठेवून म्हणतात.
त्यांच्या बाहीवर जिरावन सांडलेलं असतं.
मी बोलत नाही.
बोलायचं काम नळीचं.

यंत्रात दहा मिनिटं गरगरली
की लाल खाली बसतं,
वर यायला हवं ते निवळ, पिवळसर,
गवती चहाच्या पाण्यासारखं.
काकांचं वर आलं ताकासारखं.

हे निदान दिसतं.
न दिसणारं मी आकड्यात वाचते:
सीआरपी, नऊ पूर्णांक दोन.
डॉक्टरीणबाई त्याला दाह म्हणतात.
मला आठवते हलवायाची भट्टी,
रात्री राखेखाली कोळसा झाकून ठेवलेली.
ज्वाळा नाही, धूर नाही,
हात जवळ नेला तरच कळतं.

खरं तर हा आपलाच पहारेकरी.
बोटात काटा गेला की धावत येतो,
सूज आणतो, आरडाओरडा करतो,
काम झालं की घरी जातो.
काकांचा घरीच जात नाही.
रोज कचोरी, रोज अर्धीच झोप,
वीस वर्षं तो ड्युटीवर.
चोर सापडत नाही
म्हणून घरातल्याच भिंती ठोकत बसलाय.

माझे बाबा नमकीनच्या कारखान्यात
चव घ्यायला होते.
लवंगी शेव, लसणी शेव, पालकाची,
प्रत्येक घाण्यातली एक चिमूट,
एकतीस वर्षं.
आधी हिरड्यांतून रक्त यायचं.
मग गुडघे.
मग अठ्ठावन्नाव्या वर्षी, बसल्या खुर्चीत, छाती.
आम्हाला वाटलं, तीन वेगळे आजार.
कुणी नळी भरली नव्हती.
भरली असती तरी काय निघालं असतं,
मी सांगू शकत नाही.
रात्री मात्र आकडा मांडून बघते.

तीन महिन्यांनी काका पुन्हा.
ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी,
संध्याकाळी नेहरू पार्काला सहा फेऱ्या.
कुमुदकाकू दारातूनच म्हणाल्या,
बोलत नाहीत गं हल्ली कुणाशी,
रात्रीची मित्रमंडळी सुटली ना सगळी.
वर आलेलं पाणी पिवळं होतं.
आकडा तीन पूर्णांक एक.

काका म्हणाले, आता सांग,
किती वर्षं वाढली? लेखी दे.
मी म्हटलं, लॅबमध्ये ते मोजत नाहीत.
मग काय मोजता?
धग, मी म्हटलं.
ते बराच वेळ कापूस दाबून बसले,
रक्त थांबल्यावरही.
मग हळूच: थंडीत एकदा गराडू चालेल?
एकदा म्हणजे एकदाच, भिया.
मी काकूंकडे बघितलं.
काकू बाहेर बघत होत्या.

नळ्या पोचवून नऊला मी गाडीवर थांबते.
पोहेवाला विचारत नाही,
वरून मूठभर शेव टाकतो.
मी एक काडी चिमटीत धरते,
बाबा धरायचे तशी:
मोडते कशी, बोटाला तेल किती.
मग खाते.
निम्मी.